न्हावऱ्याला थांबायचं नाही

ज्या वर्षी कासुर्डीच्या हृतिकचं लग्न ठरलं, मोडलं आणि त्याच मुलीशी पुन्हा ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. हृतिक म्हणजे वरवंडच्या मारुतरावांच्या सुनेचा, अनुपमाचा, धाकटा भाऊ. पण गोष्ट त्याच्या लग्नाची नाही. त्याच्या वडिलांनी, म्हणजे मारुतरावांचे व्याही विश्वजीतराव यांनी, मे महिन्यात नातवंडांना हायवेलगतच्या एका पाण्याच्या बागेत नेलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

त्या बागेत निळ्या घसरगुंड्या होत्या, डोक्यावर बादली उलटी करणारं खोटं झाड होतं आणि यंत्रानं उठणाऱ्या लाटा होत्या. दहा वर्षांचा रुद्र आणि सात वर्षांची ईश्वरी तिथून परत आली ती अंगाला पाण्यातल्या औषधाचा वास आणि तोंडात एकच नाव घेऊन. जेवताना कासुर्डीचे आजोबा, झोपताना कासुर्डीचे आजोबा. कासुर्डीचे आजोबा बर्मुडा घालून घसरगुंडीवरून पालथे आले, हे तर दोघांनी इतक्या वेळा सांगितलं, की मारुतरावांना ते दृश्य ताटात दिसायला लागलं. साठी उलटलेला माणूस, घरात लग्नाचा मुलगा, आणि चारचौघांत पालथा?

मारुतराव साखर कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर होते. गेटवर त्यांची खिडकी होती. भोंगा झाल्यावर एक मिनिट उशीर झाला की लेटमार्क, मग तो माणूस संचालकाचा मेव्हणा असो की स्वतः मारुतरावांचा. घड्याळाचा काटासुद्धा मारुतरावांना विचारून पुढं सरकतो असं लोक म्हणत. त्यातले निम्मे चेष्टेनं म्हणत, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. अशा माणसाला बर्मुड्यातल्या व्याह्यानं मागं टाकावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

"नळानं भरलेल्या डबक्याचं काय कौतिक?" एके रात्री जेवताना ते म्हणाले. "मी तुम्हाला देवानं केलेलं पाणी दावतो. कुकडी नदीचे रांजणखळगे. परदेशातनं लोक येत्यात बघायला."

"तिथं घसरगुंडी हाय?" ईश्वरीनं विचारलं.

"न्हाई."

"लाटा?"

"त्याबी न्हाईत."

"मग काय हाय?"

"खड्डे," सोजराबाई चुलीपासून म्हणाल्या.

मारुतरावांनी बायकोकडे बघितलं नाही. अशा वेळी बघू नये, हे त्यांना लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. त्यांनी नातवंडांना समजावून सांगितलं, की शिरूरच्या वर टाकळी हाजीच्या अंगाला नदी काळ्या कातळातून वाहते, आणि त्या कातळात रांजणाएवढे, काही विहिरीएवढे, गोल गोल खळगे पडलेत, कुणी पहारीनं खोदलेले नाहीत, पाण्यानं कोरलेले. मुलं ऐकून घेत होती. पण त्यांच्या चेहऱ्यावर बादली उलटणारं झाड स्पष्ट दिसत होतं.

पावसाळ्यात जाता येईना. दिवाळीची सुट्टी आली. विक्रमला, म्हणजे मारुतरावांच्या मुलाला, रांजणगावच्या कंपनीत गुरुवारची सुट्टी. सोमवारी मुलांची शाळा उघडणार, आणि मधल्या रविवारी व्याही लग्नाची बोलणी करायला सहकुटुंब जेवायला येणार. म्हणजे गुरुवारी जायचं आणि रविवारी मुलांच्या तोंडून व्याह्यांना ऐकवायचं. मारुतरावांनी कागदावर वेळापत्रक काढून फ्रिजला चिकटवलं. वरवंड सहा वाजता. न्हावरे सहा पन्नास (थांबायचं नाही). शिरूर सात पंचवीस, चहा, दहा मिनिटं. नदी सव्वाआठ.

कंसातले शब्द लिहिताना मारुतरावांचा हात जरा अडला होता. न्हावऱ्याला त्यांची थोरली बहीण अनसाबाई दिलेली. ती आता अठ्ठ्याहत्तरची, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, गुडघ्यांनी धरलेली. घर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. आणि आपल्याकडचा रिवाज असा, की बहिणीच्या दारावरून जाणाऱ्या माणसाला एक वेळ रेल्वेचं फाटक सोडील, पण बहीण सोडत नाही. चहा म्हणजे पोहे, पोहे म्हणजे जेवण, जेवण म्हणजे मुलांच्या अंगावर कापड घातल्याशिवाय उठायचं नाही. त्यात यंदा मारुतरावांची बाजू लंगडी होती. भाऊबिजेला ते न्हावऱ्याला गेले नव्हते. कंबर धरली होती म्हणून त्यांनी फोनवरच ओवाळून घेतलं होतं. विक्रमनं फोन भिंतीला टेकवून ठेवला, तिकडे पुतण्याच्या फोनपुढं अनसाबाईंनी ताट फिरवलं, आणि निम्म्यात रेंज गेली. त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. भावाच्या कंबरेला बहीण झेपत नाही आणि सहल झेपते, असा त्याचा अर्थ झाला असता. नव्हे, तोच अर्थ होता.

गल्लीत बातमी गेली तेव्हा सल्ले सुरू झाले. समोरच्या ताईबाई कासराभर दोर घेऊन आल्या. "न्या. खळग्यात मानूस गेला तर बाहीर काडाया."

"आम्ही कुणाला खळग्यात घालायला चाललो न्हाई, ताईबाई."

"घालायला कुणीच जात न्हाई," ताईबाई म्हणाल्या आणि दोर ओट्यावर ठेवून गेल्या.

निवृत्त गुरुजींनी सांगितलं की दौंडावरून काष्टीकडे वळसा घालून शिरूरला जावं, म्हणजे न्हावरं लागतच नाही. मारुतरावांना ते पटलं, पण विक्रमनं नकाशा बघून जादा पडणारं अंतर सांगितलं आणि वर म्हणाला, "आबा, आत्याला चुकवायला दुसरा जिल्हा फिरून यायचा का?" हे वाक्य मारुतरावांना अजिबात आवडलं नाही, कारण ते बरोबर होतं.

शेवटी घात केला तो सोजराबाईंनी. बुधवारी संध्याकाळी मारुतराव गाडीच्या टपावर कापड मारत होते, तेव्हा त्यांच्या कानावर बायकोचा फोनवरचा आवाज आला.

"वन्सं, उद्या आम्ही तुमच्या रस्त्यानं चाललोय. पण थांबनार न्हाई बरं का. पोरान्ला खळगं दावायचंत. म्हनलं, कुनी बघून सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटाया नको, म्हनून आदीच सांगती."

मारुतरावांच्या हातातलं फडकं खाली पडलं. दारावरून न थांबता जाणं हा गुन्हा आहे. पण आदल्या दिवशी फोन करून 'आम्ही उद्या गुन्हा करणार आहोत' असं कळवणं, हे आमच्याखेरीज जगात कोण करत असेल असं वाटत नाही.

"काय म्हणाली आक्का?" त्यांनी विचारलं.

"कायबी न्हाई. किती वाजता येताय, एवढंच विचारलं."

"आन् तू सांगितलंस?"

"तुमीच लिवलंय की फ्रिजवर."

गुरुवारी सहा वाजता मारुतराव पुढच्या सीटवर पट्टा लावून बसले होते. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. सहा चाळीसला ईश्वरीला दुसरा फ्रॉक हवा झाला. सात वाजता सोजराबाई भाकरी मोजत होत्या. सात वीसला ताईबाई दोर घेतला का बघायला आल्या. गाडी हलली तेव्हा आठ दहा झाले होते. दोन तास दहा मिनिटं. कारखान्यात याला लेटमार्क म्हणत नाहीत, खाडा म्हणतात. पण हे बोलायची सोय नव्हती, कारण विक्रमनं गाण्याचा आवाज मोठा केला होता.

न्हावऱ्याच्या चौकात, रस्त्याच्या कडेला, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अनसाबाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, पायाशी पिशवी, दोन्ही हात काठीवर. शेजारी चार माणसं उभी होती. त्यांतल्या एकानं हात करून गाडी थांबवली, जणू आरटीओचाच माणूस.

"पावनेसातपसनं बसलीय म्हातारी," तो विक्रमला म्हणाला. "आम्ही म्हनलं घरात बसा, तर म्हनती, गाडी थांबनार न्हाई, चुकंल."

मारुतरावांनी काच खाली केली. "आक्का, आगं हे काय?"

"तुमाला थांबायचं न्हाई ना? मग थांबू नगा. मला आत घ्या आन् चला. मीबी येती खळगं बघाया."

चार माणसांच्या देखत बहिणीला रस्त्यावरून तशीच उचलून कसं न्यायचं? तेव्हा घरी जावं लागलं. चहा झाला, पोहे झाले. तिथं पाऊण तास गेला. मग गाडीत बसायचा प्रश्न आला. अनसाबाईंचा गुडघा वाकत नव्हता, तेव्हा त्यांना पुढची सीट. मधे सोजराबाई, अनुपमा आणि ईश्वरी. मारुतरावांना पार मागं, रुद्रच्या शेजारी, भाकरीचं गाठोडं मांडीवर, दोर पायाखाली आणि लाल खुर्चीचे चार पाय थेट तोंडासमोर. खुर्ची सोबत हवीच, कारण खडकावर म्हातारीला बसता येत नाही. एकतीस वर्षं ज्या माणसापुढं हजार कामगार रांगेत उभे राहिले, तो माणूस खुर्चीच्या पायांमधून बाहेरचा ऊस बघत निघाला होता. आणि ती खुर्ची वळणावर त्याला शिंगं मारत होती.

"आबा, तुम्ही पिंजऱ्यात बसल्यावाणी दिसताय," रुद्र म्हणाला.

शिरूर जवळ आल्यावर अनसाबाई मागं न बघता म्हणाल्या, "मारुती, वाटंवर बँक हाय. दोन मिन्टं थांबू. मी जित्ती हाय, तेवढं सांगून येती."

तर ते असं. अनसाबाईंचे मालक एस.टी.त होते. त्यांच्या मागं पेन्शन मिळते, पण दर वर्षी नोव्हेंबरात माणसाला स्वतः जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. दोन मिनिटं म्हणून मारुतराव सोबत गेले. घड्याळात दहा चाळीस.

खिडकीमागच्या तरुण साहेबांनी अनसाबाईंचा अंगठा यंत्रावर टेकवायला सांगितला. यंत्रानं लाल दिवा दाखवला. पुसून टेकवला. लाल. दुसरा अंगठा. लाल.

"आजी, ठसा उमटत नाहीये."

"साठ वर्सं खुरपं धरलंय बाबा. ठसा गेला गवताबरूबर."

मग साहेबांनी मोबाइल काढला. चेहऱ्यावरूनही दाखला निघतो म्हणे. मोबाइल अनसाबाईंच्या तोंडापुढं धरून ते म्हणाले, "आता फक्त डोळे मिचकवा, आजी."

अनसाबाईंनी पदर सावरला. "परक्या मानसापुढं डोळं मिचकावू? ह्या वयात?"

रांगेत हसू पिकलं. मारुतरावांनी समजूत घालून त्यांना डोळे मिचकवायला लावले. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून त्यांचा डावा डोळा जरा सावकाश मिटतो, आणि मोबाइलला दोन्ही एकदम लागत होते. तीन वेळा झालं. चौथ्या वेळी मारुतराव पुढं झाले.

"साहेब, ही माझी सख्खी थोरली बहीण. बोलतीय, चालतीय, तुमच्याशी भांडतीय. मी सांगतो जित्ती हाय. लिहून घ्या."

"काका, तुमचं सांगणं चालत नाही. तुम्ही कोण?"

मी कोण. मारुतरावांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "माझ्या सांगण्यावर एकतीस वर्षं हजार मानसाची हजेरी लागली. मी हजर म्हणलं तर हजर, गैरहजर म्हणलं तर गैरहजर. ब्रह्मदेव आला तरी बदल न्हाई व्हायचा."

"कारखान्यात असेल काका. इथं मॅनेजर साहेबांची सही लागते. ते यायचेत."

अनसाबाई बाकावर टेकल्या. "दमानं घे मारुती. मला तर घाई न्हाई बाबा."

मॅनेजर साहेब सव्वाबाराला आले, अनसाबाईंना हात जोडून 'काय आजी, बऱ्या ना?' म्हणाले आणि उभ्याउभ्या सही केली. त्याला लागलेला वेळ मारुतरावांनी घड्याळ लावून मोजला. अकरा सेकंद. अकरा सेकंदांच्या कामाला पंच्याण्णव मिनिटं, आणि वर साहेब हसतमुख. हसतमुख माणसावर रागावता येत नाही, हा तर आणखीच अन्याय.

नदीवर पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. गाडी लावायची पावती झाली, काठावरच्या देवीला नारळ झाला, खुर्ची उतरली, अनसाबाईंना दोघांनी धरून खडकापर्यंत आणलं. मारुतरावांनी धोतर सावरलं, नातवंडांचे हात धरले आणि कातळाच्या कडेला जाऊन उभे राहिले.

समोर पाणी होतं. या काठापासून झुलत्या पुलाखालून पार त्या काठापर्यंत नुसतं पाणी, गढूळ, पोट भरलेल्या म्हशीसारखं निवांत चाललेलं. खळगा म्हणावा असा एकही नाही.

तिथं शिट्टी गळ्यात अडकवलेला एक राखणदार बसला होता, खंडू नावाचा. मारुतराव त्याच्याकडे गेले.

"खळगे कुठं हायत?"

"ह्ये काय, हितंच." खंडूनं पाण्याकडे हात केला.

"हे पाणी हाय."

"पान्याखाली खळगं हायती. यंदा पाऊस लई, वरनं धरनाचंबी पानी सुटलंय. उतरंल की."

"कवा?"

"संक्रांतीच्या म्होरं बगा."

मारुतरावांनी नकळत घड्याळात बघितलं.

"आम्ही वरवंडास्नं आलोय," ते म्हणाले. "पोरांना घेऊन. पावती फाडताना सांगायला काय झालं हुतं?"

"पावती गाडी लावायची हाय, आप्पा. खळग्याची न्हाई."

"मग तक्रार कुणाकडं करायची?"

खंडूनं थोडा विचार केला. "पान्याची? ह्या अंगाला शिरूर तालुका, त्या अंगाला पारनेर. निम्मं पानी त्यांचं, निम्मं आपलं. तुमाला कंच्या पान्याची करायचीय?"

मारुतराव परत आले. सोजराबाईंनी भाकरी सोडल्या होत्या. मुलं शेंगदाण्याची चटणी चाटत पाण्याकडे बघत होती. ईश्वरी एवढंच म्हणाली, "कासुर्डीच्या आजोबांच्या पान्यात तळ तरी दिसत हुता." अनुपमानं तिला डोळ्यांनी दटावलं. सून बापाच्या बाजूनं हसत नाहीये, उलट आपली कीव करतेय, हे मारुतरावांना दिसलं आणि त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. रविवार त्यांना समोर दिसत होता. व्याही पाटावर बसलेत, मिशीला पुरणपोळीचं तूप लागलंय, आणि विचारताहेत, मग, काय बघितलंत?

ते उठले. काठाच्या उंच कातळात एकच खळगा उघडा होता, रांजणाएवढा, वरून गोल, काठोकाठ भरलेला. वरच्या अंगाला एका चरीतून नदीचं पाणी त्यात शिरत होतं आणि खालच्या फटीतून निघून जात होतं. मारुतराव त्याच्या कडेला उभे राहिले आणि संतापानं पाय पुढं करून म्हणाले, "हे बघा. ह्याला खळगा म्हणत्यात. असे दोनशे हायत पाण्याखाली. दिसत न्हाईत म्हणून न्हाईत असं..."

चप्पल दिवाळीची होती, नवी. सोल इतका हलका की पायात असल्याचं कळणार नाही, असं दुकानदार म्हणाला होता. ते खरं निघालं. पायातून गेल्याचंही लगेच कळलं नाही.

चप्पल खळग्यात पडली, बुडली, वर आली आणि गोल फिरायला लागली. एक फेरी, दोन फेऱ्या. चरीतलं पाणी तिला ढकलत होतं आणि कातळाची गोल भिंत तिला वळवत होती. मारुतरावांनी वाकून हात घातला, तर ती नेमकी पलीकडे. पलीकडे गेले, तर ती अलीकडे.

"बारा," ईश्वरी म्हणाली. ती मोजायला लागली होती.

माणसं गोळा झाली. एक जण म्हणाला काठी घाला. काठी घातली, तर चप्पल काठीभोवती फिरून पुढं गेली. दुसरा म्हणाला चर बंद करा. त्यानं स्वतःच चरीत पाय घातला आणि स्वतःचा बूट भरून घेतला. विक्रमनं दोर आणला. पण दोरानं चप्पल कशी धरायची, हे ताईबाईंनी सांगितलेलं नव्हतं. एका तरुणानं मोबाइल उभा धरून चित्रण सुरू केलं आणि विचारलं, "काका, जरा रागानं बघा ना परत." मारुतरावांना वेगळं काही करावं लागलं नाही.

आणि मागून एक आवाज आला. आधी वाटलं कुणाला ठसका लागला. वळून बघितलं तर अनसाबाई लाल खुर्चीवर पुढंमागं झुलत हसत होत्या. पदर खांद्यावर आलेला, डोळ्यांतून पाणी, एक हात पोटावर.

"आक्का, ह्यात हसण्यासारखं काय हाय?"

"आरं, बग तरी," त्या कशाबशा म्हणाल्या. "असंच तर झाल्यात ह्ये खळगं. आत धोंडा पडतो. त्याला बाहीर पडता येत न्हाई. मग रागारागानं फिरतो आन् खडक कोरतो. तुझ्यासारखाच."

रुद्र धावत खळग्याकडे आला. "म्हंजी आबा, तुमची चप्पल हजार वर्सं फिरली तर खळगा मोठा हुईल?"

"हुईल की," कुणीतरी म्हणालं.

"अठ्ठावीस," ईश्वरी म्हणाली.

मारुतराव एका पायात चप्पल आणि एक पाय तापलेल्या कातळावर असे उभे होते. बहीण हसते, बायको पदराआड हसते, सून उघड हसते, परका मनुष्य चित्रण करतो. माणसाच्या सोसण्याला काही हद्द असते. त्यांनी उरलेली चप्पल काढली, "घ्या, हीबी घ्या" म्हणाले आणि संतापानं खळग्यात फेकली.

मुलं किंचाळली. दुसरी चप्पल पहिलीच्या मागं लागली होती. रुद्रनं डावी घेतली, ईश्वरीनं उजवी. जमलेल्या माणसांत दोन तट पडले. खंडूनं शिट्टी फुंकली, ती लोकांना मागं हटवायला की शर्यतीला, ते कळलं नाही. मारुतरावांनी सगळ्यांना रागावून सांगितलं की हा पोरखेळ आहे, आणि तिसऱ्या मिनिटाला ते घड्याळ हातात धरून फेऱ्यांची वेळ लावत होते. कारण लोक भलतंच मोजत होते, आणि चुकीची मोजणी त्यांच्यानं बघवत नाही. डावीला एका फेरीला चार सेकंद लागत, उजवीला साडेचार. पण उजवी वळणावर आत शिरायची. एकशे सत्ताविसाव्या फेरीला उजवी फटीतून उडून नदीत गेली आणि पारनेरच्या बाजूला लागली. डावी, गाडी निघाली तेव्हाही फिरत होती.

पण निघायच्या आधी आणखी एक झालं. अनसाबाईंनी रुद्रला खुर्ची खळग्याजवळच्या सावलीत ठेवायला लावली आणि मारुतरावांना म्हणाल्या, "बस हितं."

"मी? खुर्ची तुझी हाय."

"बस म्हनती ना."

पिशवीतून त्यांनी पितळेचं ताट काढलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, कागदात गुंडाळलेला लाडू.

"आक्का, भाऊबीज हुऊन पंधरा दिस झालं."

"तुजी झाली. माजी ऱ्हायलीय. निम्म्यात रेंज गेल्ती."

"आगं लोक बघत्यात. मी अनवाणी हाय."

"ववाळताना चपला काडूनच बसायचं असतंय."

मारुतराव बसले. वारा होता. निरांजन पेटवलं की विझायचं. अनुपमानं ओढणीचा आडोसा केला, सोजराबाईंनी पदराचा. चौथ्या काडीला ज्योत टिकली. अनसाबाईंना फार वेळ उभं राहता येत नव्हतं. विक्रमनं त्यांना पाठीमागून धरलं होतं आणि त्या दोन्ही हातांनी ताट फिरवत होत्या, सावकाश, एकही फेरी न गाळता. मारुतरावांनी समोर नदीकडे बघितलं. मग खिशात हात घातला. खिशात गाडीची पावती आणि बँकेचा टोकन नंबर होता.

"ववाळणीला काय घालू आता? न्हावऱ्याला गेल्यावर..."

"कायबी नगं. पुढच्या टायमाला न्हावऱ्यावरनं जाताना हॉर्न वाजीवत जा. थांबला न्हाईस तरी चालंल. मला कळंल."

"हॉर्न वाजवत जायला मी काय एस.टी. हाय का?" मारुतराव चिडून म्हणाले, आणि उपरण्यानं घाम पुसावा तसं तोंड पुसलं.

रविवारी व्याही आले. पुरणपोळी झाली. विश्वजीतरावांनी मिशीवरचं तूप पुसलं आणि मुलांना जवळ घेऊन विचारलंच, "मग, कुठलं पाणी भारी? आमचं का तुमच्या आबांचं?"

मारुतराव पानाला चुना लावत होते. त्यांचा हात थांबला.

"तिथलं पाणी काय खास न्हाई," रुद्र म्हणाला. "खळगे तर दिसलेच न्हाईत."

"पण आबांच्या चपलेनं एकशे सत्तावीस फेऱ्या मारल्या," ईश्वरी म्हणाली. "आन् आत्याआजीचा दिवा तीनदा विझला. तुम्ही पालथे आलता, तवा एकच फेरी झालती."

विश्वजीतरावांनी खिशातून मोबाइल काढला. चित्रण त्यांच्यापर्यंत आधीच पोचलं होतं. कासुर्डीच्या मोबाइलवरच्या गटात सकाळपासून तेच फिरत होतं. त्यांनी ते दोनदा बघितलं होतं, हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, आणि मग जरा खाजगी आवाजात म्हणाले, "व्याहीबुवा, पुढच्या बारीला आमालाबी न्या की."

मारुतरावांना हे अपमान म्हणून घ्यावं की मान म्हणून, ते ठरवता आलं नाही. म्हणून त्यांनी रागावूनच उत्तर दिलं. "न्यायला काय झालं? पण सहाला म्हणजे सहाला निघायचं. आन् आदल्या दिवशी न्हावऱ्याला फोन करावा लागंल. आक्काला पुढची सीट लागती. तुम्ही बसा माझ्याबरूबर मागं."

बोलणी अशी झाली, की हृतिकचं लग्न फेब्रुवारीच्या आठ तारखेला उरकायचं, आणि पाणी उतरून खळगे उघडे पडले की दोन्ही घरांनी मिळून, अनसाबाईंना घेऊन जायचं. मारुतरावांनी त्याचं वेळापत्रक लगेच काढलं. त्यात न्हावऱ्याला पाऊण तास धरला होता. पुढच्या दोन महिन्यांत ते तीनदा न्हावऱ्याला गेले. तिन्ही वेळा काम दुसरंच होतं, असं ते सांगतात.

खळगे उघडे पडायच्या आधीच अनसाबाई सत्तावीस जानेवारी दोन हजार सव्वीस रोजी, मंगळवारी सकाळी, न्हावऱ्यात राहत्या घरी वारल्या.